दातवाल्या मॅडमचं सप्तयान

बुलढाण्यात धाड रोडला महामाया हिवाळेची दातांची लॅब आहे. लॅब म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. भिंतीला लागून लांबलचक ओटा, ओट्यावर प्लास्टरचे जबडे रांगेनं बसलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाला पेशंटचं नाव लिहिलेली चिकटपट्टी. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, ती दात बनवून परत पाठवते. तिच्या हातची कवळी बसवलेला माणूस फुटाणेसुद्धा खातो, असं लोक सांगतात. बाजारात कुणी हसून "जय भीम, मॅडम" म्हटलं की तिची नजर आधी दातांवर जाते, माणूस कोण ते मागाहून आठवतं.

हात तिला वडिलांकडून आला. देऊळघाटला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की ती दप्तरासकट दुकानात येऊन बसे. वडील चाक उलटं टांगून फिरवायचे आणि विचारायचे, "सांग बरं पोरी, कुठी मारते?" रिम केसभर जरी डगमगली तरी तिला दिसायची. पुढं बारावीनंतर तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन ती दात बनवण्याचा डिप्लोमा शिकली, आणि तोच डोळा कामी आला. लग्न झालं ते प्रसेनजितशी. तो एस.टी.त वाहतूक नियंत्रक. बुलढाणा स्टँडच्या भोंग्यातून गाड्या पुकारणारा आवाज त्याचाच. एक मुलगी, मनाली, नोकरीनिमित्त पुण्यात. घरात सासूबाई शालूबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढं, आवाज पंचविशीचा.

आणि या सगळ्याच्या आधीपासून महामायाच्या आयुष्यात होतं ते 'सप्तयान'.

ती पाचवीत असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर ही मालिका लागायची. सात माणसं एका यानात बसून तारे ओलांडत जातात, एवढीच गोष्ट. गल्लीत टीव्ही एकच, पुंजाजीमामांचा. मामा पलटणीतून रिटायर होऊन आले तेव्हा ट्रंकेबरोबर तो खोकाही घेऊन आले होते. रविवारी ते टीव्ही ओसरीवर आणून ठेवायचे आणि अख्खं अंगण भरायचं. बाकीच्या पोरांना त्या सात जणांच्या मारामाऱ्या आवडायच्या. महामायाला यान आवडायचं. अंधारातून ते सावकाश पुढं यायचं, खिडक्या उजळलेल्या, मग शेपटीकडची सात इंजिनं पेटायची, आधी मधलं आणि मग भोवतालची एकेक करून, आणि ती जागची उठून उभी राहायची. चिखलाचं, काड्यापेटीचं, सायकलच्या मडगार्डाचं अशी किती सप्तयानं तिनं त्या वर्षी बनवली, त्याला गणती नाही.

मनालीनं लहानपणापासून ही कथा इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ होती. म्हणून पुण्यातल्या दोन हौशी मित्रांनी सप्तयानाचं जोडायचं किट बनवलंय असं कळल्यावर तिनं लगेच आईच्या वाढदिवसाचं पार्सल बुक केलं.

पार्सल आलं तेव्हा महामाया ओट्यावर कुणाच्या तरी दाढेची कॅप घासत होती. हात पुसून तिनं खोका उघडला. आत राखाडी रेझिनचे भाग, कवळीच्या दातांसारखे टणक आणि गुळगुळीत. तिनं एकेक भाग उचलून निरखला, गालाला लावायचा तेवढा बाकी ठेवला. शालूबाई दारातून बघत होत्या, प्रसेनजित ड्यूटीवर निघता निघता थांबला होता. महामायानं भाग एकमेकांना लावून पाहिले, यानाचा आकार उभा राहिला, आणि हळूहळू तिचं तोंड उतरलं.

"काय झालं?" प्रसेनजितनं विचारलं. "तुटलं का काही?"

"तुटलं नाही हो. पण हे सप्तयान नाही."

"खोक्यावर तं तेच लिहिलं आहे."

"लिहिल्यानं काय होते? खिडक्या पाहा, एका लाइनीत, शाळेच्या वऱ्हांड्यासारख्या. तशा नव्हत्या त्या. इथं तीन, मंग जागा मोकळी, मंग दोन. अन् पोटाखाली एक गोल जाळी होती, इथं सपाट आहे. इंजिनंही काही तरी वेगळीच होती. अन् लाइट तं नाहीच."

तिनं हेच मनालीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून हसू आलं. "मम्मी, तू गिफ्टमध्ये पण वाकडा दात शोधलास!"

"शोधला नाही. दिसला," महामाया म्हणाली. "आता दिसला तं सरळ केल्याशिवाय झोप लागन का मले?"

मनालीनं तिला इंटरनेटवर कुणीतरी टाकलेले मालिकेचे जुने भाग शोधून दिले. जुनी टेप, तीही किती वेळा उतरवलेली देव जाणे. चित्र सारखं थरथरायचं आणि रंग पहिल्या धुण्यातल्या साडीसारखे एकमेकांत उतरलेले. पण यान होतं. महामाया ते थांबवून थांबवून बघायची, मोबाइलवर फोटो काढायची, मग ड्रिलला सगळ्यात बारीक टोक लावून रेझिनला भोक पाडायची.

दिवसाचं काम संपलं की दिवेलागणीला ती यान घेऊन बसू लागली. शालूबाईंना हे काही रुचलं नाही. "एवढी शिकली-सवरली बाई," त्या शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "अन् खेळणं खेळून राह्यली."

प्रसेनजितचा विरोध नव्हता, पण त्याला अर्थही लागत नव्हता. "मी काय म्हणतो, ती कवळी थोडीच आहे? कोणाले घालून फुटाणे खायचे आहेत? जसं आहे तसं शोकेसमधी ठेव."

"तुम्ही मेहकरची गाडी चिखलीची म्हणून पुकारसान का?"

"कायले पुकारीन?"

"मंग झालं तं."

दोन दिवसांनी त्यानंच खिडक्यांचा प्रश्न सोडवला. एवढ्याशा खिडकीमागं दिवा कसा बसवायचा, यावर महामाया अडली होती. लोणारच्या जत्रेत प्लॅस्टिकच्या केसांचे दिवे मिळतात, खाली बल्ब आणि वर केसांच्या प्रत्येक टोकाला प्रकाशाचा ठिपका. प्रसेनजितनं लोणारच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून तसला एक दिवा मागवला. महामायानं तो उघडून केस सुटे केले. एकेक केस आतून एकेका भोकात घातला, डिंकाचा थेंब दिला, बाहेरचं टोक कापून सपाट केलं. काही खिडक्या मुद्दाम आंधळ्या ठेवल्या, कारण टेपमध्येही त्या विझलेल्याच होत्या. धावत्या दिव्यांचं सर्किट मिळालं हरिओमकडून. लग्नामांडवांची रोषणाई करणारा हा माणूस तिच्याच कवळीनं जेवतो, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्यांदा दिवा लावला त्या संध्याकाळी तिनं घरातल्यांना बोलावलं. बटण दाबलं. खिडक्या उजळल्या, आणि त्यांच्याबरोबर अख्खं यान उजळलं. पातळ रेझिनमधून उजेड आरपार येत होता, जोडांच्या फटींतून सांडत होता.

"भोपळ्यात दिवा ठेवल्यावानी दिसून राह्यलं," शालूबाई म्हणाल्या.

प्रसेनजितला वाटलं आता ही हिरमुसणार. पण महामाया खुदकन हसली. हा आजार तिच्या ओळखीचा होता. दाताची कॅप बनवताना आतला धातू काळपट झळकू नये म्हणून आधी त्यावर अपारदर्शक थर द्यावा लागतो. तिनं यान पुन्हा उघडलं, आतून आधी काळा थर दिला, त्यावर चंदेरी, आणि फटी मेणानं बुजवल्या. त्या खटपटीत एक पंख जोरानं दाबला गेला आणि तडकला. हाताशी जुळवायला होतं ते हिरड्यांचं गुलाबी ॲक्रिलिक. तिनं तेच भरलं. वरून रंग चढल्यावर काही कळलं नाही, पण सप्तयानाच्या डाव्या पंखाला आत हिरडी आहे, हे तिला एकटीला ठाऊक.

मग आला इंजिनांच्या रंगाचा प्रश्न. टेपवर नीट काही कळत नव्हतं. महामायाला वाटायचं निळा. तिच्या डोळ्यांपुढं तो निळाच यायचा. खात्री करायला तिनं अन्नपूर्णाला फोन लावला. अन्नपूर्णा तिची देऊळघाटची मैत्रीण. दोघी मामांच्या अंगणात एकाच पोत्यावर बसून सप्तयान बघायच्या. आता ती जळगाव जामोदला दिलेली, घरची शेती, नातवंडं.

"अन्ने, सप्तयानाची इंजिनं कोणत्या रंगाची होती वं?"

पलीकडं नातू रडत होता, कुकरची शिट्टी होत होती, पण उत्तर ताबडतोब आलं. "नारिंगी. काऊन?"

"निळी नाही?"

"निळी कायची? चांगली नारिंगी होती, विस्तवासारखी. मी काय आंधळी होती का?"

दोघी तावातावानं भांडल्या. शेवटी महामायानं पुंजाजीमामांना फोन केला. ऐंशी पार केलेले मामा कानानं अधू, पण विचारलं ते कळल्यावर ठासून म्हणाले, "हिरवी! माह्या टीव्हीवर मी पाह्यली नाही का?"

तेव्हा कुठं महामायाच्या डोक्यात उजेड पडला, आणि ती एकटीच लॅबमध्ये खो खो हसत सुटली. मामांचा टीव्ही काळापांढरा होता! तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं त्यांनी त्याच्यावर रंगीत प्लॅस्टिकची काच लावली होती, वर निळी, मध्ये नारिंगी, खाली हिरवी. यान वरून गेलं की निळं, मधून गेलं की नारिंगी. बाजूच्या खुर्चीतून मान तिरपी करून बघणाऱ्या मामांना ते खालच्या पट्टीतून हिरवं दिसत असणार. चाळीस वर्षं सगळे आपापल्या पट्टीचं यान मनात घेऊन फिरत होते. तिनं अन्नपूर्णाला पुन्हा फोन करून हे सांगितलं, तर ती इतकी हसली की कुकर बंद करायचा राहून गेला.

"म्हंजे खरा रंग कोणालेच माहीत नाही?" अन्नपूर्णानं धाप लागत विचारलं.

"कोणालेच नाही."

"मंग नारिंगीच कर."

पण रंगापेक्षा मोठं दुखणं होतं पोटाखालच्या जाळीचं. टेपमध्ये यान डोक्यावरून जायचं तेव्हा ती क्षणभर दिसायची. गोल चकती, भोकांची वर्तुळांमागून वर्तुळं. महामायानं पत्र्याची करून पाहिली, ॲक्रिलिकची करून पाहिली. प्रत्येक वेळी काहीतरी चुकायचं. भोकं जवळ यायची, नाहीतर मधला भाग रिकामा वाटायचा. फेकलेल्या चकत्यांचा ढीग झाला, आणि पेशंटांचे दात उशिरा जाऊ लागले.

एका दुपारी ती चित्र थांबवून, स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बसली होती. शालूबाई सुपात तुरीची डाळ घेऊन निवडायला उजेडाच्या जागी, म्हणजे लॅबच्या दारात येऊन बसल्या. सहज मान वर केली.

"हे पुरणयंत्राची जाळी कोणं फोटोत काढली वं?"

महामायानं मागं वळून पाहिलं. "काय म्हणाल्या आई?"

"पुरणयंत्र. जाळी व्हय ना ते? आपली बारीकवाली."

"आई, हे सप्तयान आहे. आकाशातलं."

"आकाशातलं असो नाही तं पाताळातलं. मी जनमभर पुरण वाटलं, मले सांगतं का?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा, पडल्याचा, शालूबाईंनी त्याला शिव्या दिल्याचा आवाज आला. मग त्या पितळी पुरणयंत्र पदराला पुसत बाहेर आल्या, आतली चकती काढली आणि स्क्रीनच्या शेजारी धरली.

भोकांची वर्तुळं जुळली. मधला दांड्याचा गोल जुळला. कडेला चकती अडकवायच्या दोन खाचा होत्या; आणि स्क्रीनवर, त्या थरथरणाऱ्या चित्रात, कडेला दोन खाचा होत्या. इतके दिवस महामायानं त्या खाचांना टेपचा डाग समजून सोडून दिलं होतं.

तिनं सासूला मिठीच मारली. डाळीचा हात लागेल म्हणून शालूबाई अंग चोरत होत्या, पण चेहरा फुलला होता. "तुम्ही पोरी टीव्ही पाहत बसल्या होत्या, तवा आम्ही चुलीपाशी होतो," त्या म्हणाल्या. "म्हणून ठाऊक. लाव बरं अजून, पाहू काय काय आहे ते."

त्या दिवसापासून घरातलं चित्रच पालटलं. शालूबाई दुपारचं पडणं सोडून स्क्रीनपुढं बसू लागल्या. सात नायकांकडं त्या ढुंकून बघत नसत, मारामारी आली की म्हणायच्या, "हे पुढं ढकल, भांडे दाखव." इंजिनांचं कोडंही त्यांनीच फोडलं. टेपमध्ये ती चांदणीसारखी टोकदार दिसायची. महामायाला वाटलं होतं, उजेड फाकल्यामुळं तसं दिसतं. शालूबाईंनी चष्मा पुसला, पुढं वाकल्या आणि टाळी वाजवली. "चकल्या! सातही चकल्या! सोऱ्याची चांदणी व्हय ते!"

संध्याकाळी प्रसेनजित ड्यूटीवरून आला तर सासू-सून दोघी जमिनीवर बसलेल्या, मध्ये पुरणयंत्र, सोऱ्या, त्याच्या शेवेच्या, पापडीच्या सगळ्या चकत्या मांडलेल्या, आणि स्वयंपाकाचा पत्ता नाही. त्यानं मुकाट्यानं खिचडी टाकली.

किटचं यान मूळ यानापेक्षा लहान, त्यामुळं खरी जाळी बसणार नव्हती. पण आता आकार हातात होता. महामायानं पुरणयंत्राच्या जाळीवर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घेतला, तो मोबाइलवर लहान केला, आणि पातळ पितळी पत्र्यावर भोक भोक करून चकती पाडली. सोऱ्याच्या चांदणीचं मेणात बारीक रूप कोरलं आणि साच्यातून सात इंजिनं ओतली. हे तर तिचं रोजचंच काम, दात ओतावेत तसं.

फोटो तिनं मनालीला पाठवले, मनालीनं किट बनवणाऱ्या त्या दोघांना. ते दोघे आधी हरखले, मग म्हणाले की यान ज्यांनी घडवलं ते राजकुमार बोराडे अजून पुण्यातच आहेत, त्यांनाच विचारू. आणि एका सकाळी महामायाच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला.

"महामायाताई का? मी बोराडे बोलतोय. सप्तयान मी केलं होतं," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "तुम्हाला सोऱ्या कसा कळला हो? आजवर कुणालाही कळला नाही!"

ज्या हातांनी ते यान बनवलं त्यांना आवाज असेल, हे महामायानं कधी मनातही आणलं नव्हतं. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि एवढंच म्हणाली, "मले नाही कळला, साहेब. माह्या सासूबाईंनी ओळखला. त्या इथंच आहेत."

"नमस्कार हो आजी!" बोराडे म्हणाले. "सामान काही मिळत नव्हतं आम्हाला. घरात दिसेल ते उचलायचं. सोऱ्याच्या एका चकतीवरून प्लास्टरच्या सात केल्या. त्या दिवाळीला आमच्याकडं चकल्या झाल्या नाहीत."

मागून त्यांच्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "आणि पुरणयंत्राचं सांगा की! अजून परत दिलेलं नाही मला!"

शालूबाई फोनकडं तोंड करून ओरडल्या, "कशी देतीन बाई? ते तं आकाशात गेलं!" आणि दोन्हीकडं असं हसू उसळलं की पुढची काही मिनिटं कुणालाच बोलता आलं नाही.

महामायानं शेवटी इंजिनांच्या रंगाचं विचारलं. बोराडे जरा ओशाळले. "खरं सांगू? मिठाईच्या डब्यावर रंगीत पारदर्शक कागद यायचा ना, तो लावायचो. पहिल्या भागाला नारिंगी होता. बल्बच्या उष्णतेनं तो करपला, मग निळा लावला, मग हिरवा. वाटलं, कोण एवढं बघतंय!"

"आम्ही बघत होतो," महामाया म्हणाली.

बोराड्यांनी ते वाक्य मागं वळून बायकोला ऐकवलं. मग म्हणाले, "मूळ यान राहिलं नाही, ताई. गोदामात भिजलं, कुणीतरी टाकून दिलं. तुमचं झालं की मला पेटवून दाखवा. आणि ती जाळी फक्त पहिल्या दोन भागांत होती बरं का. तिसऱ्यात गळून पडली."

म्हणजे जाळी ठेवायची तर यान सुरुवातीचंच, आणि पहिल्या भागातलं धरलं तर रंग नारिंगी. अन्नपूर्णाला हे कळवलं तेव्हा तिनं फोनवरच जाऊबाईंना हाक मारून आपण जिंकल्याचं सांगितलं, आणि यान बघायला स्वतः येते म्हणाली.

दाखवायचं ठरलं देऊळघाटला, मामांच्या घरी, रविवारी सकाळी. अन्नपूर्णा आदल्या दिवशीच राजूर घाट चढून बुलढाण्याला महामायाकडं मुक्कामाला आली. पिशवीत नातवंडांनी दिलेल्या चिंचा आणि तोंडात अखंड बडबड. रविवारी शालूबाईंनी मांडीवर खोका घेतला तो बसमध्ये कुणालाच हात लावू दिला नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर रॅकवर ठेवा ना." तर म्हणाल्या, "तुह्या रॅकवर मावत असतं तं मी कायले धरून बसली असती?" खोका काही एवढा मोठा नव्हता.

मामांच्या खोलीची दारं-खिडक्या चादरी लावून बंद केल्या. जुन्या अंगणातली जेवढी माणसं गावात उरली होती तेवढी आली होती, आता केस पांढरे, कुणाचे गुडघे गेलेले, पण बसली मात्र जमिनीवरच. मामांना पुढं खुर्ची दिली. प्रसेनजितनं घसा साफ केला आणि भोंग्यातल्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सप्तयान फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे."

हसू ओसरलं तशी महामायानं बटण दाबलं. अंधारात आधी एक खिडकी दिसली, मग तीन, मग मोकळी जागा, मग दोन. कुठूनही उजेड सांडला नाही. काळ्या कापडावर ठेवलेलं यान हवेतच असल्यासारखं वाटत होतं. मग मधलं इंजिन पेटलं, नारिंगी चांदणी, आणि भोवतालची एकेक करत सातही. महामायानं यानाकडं बघणं सोडून माणसांकडं पाहिलं. सगळे चेहरे नारिंगी झाले होते, आणि तोंडं उघडी. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाचे दात दिसले नाहीत.

पहिले बोलले ते पुंजाजीमामा. "हिरवं काऊन नाही?"

आणि मग काय! निळं होतं, नाही नारिंगी होतं, नाही मी इथं बसत होतो अन् तू तिथं. अंधारात एकच कल्ला उठला. अन्नपूर्णा सगळ्यांवर आवाज चढवून सांगत होती की खुद्द बनवणाऱ्यानं तिला बरोबर ठरवलंय. महामायानं मोबाइलवर बोराड्यांना जोडून दिलं, तर या गोंधळात त्यांना दिसलं काही नाही, पण ते म्हणाले, "दिसू दे न दिसू दे, ऐकू येतंय ते पुरे आहे." दिवा मालवला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेजारच्या गल्लीतून बाया आल्या, त्यांच्यासाठी परत लावला.

मामांना ते हातात हवं होतं. त्यांची बोटं हळूच पोटाखालून फिरली. "हे जाळी कायची?"

"पुरणयंत्राची," शालूबाईंनी कानात ओरडून सांगितलं.

मामा हसता हसता कवळी निसटेल म्हणून तोंडावर हात दाबून धरू लागले. महामाया म्हणाली, "मामा, दाबू नका. माह्या हातची आहे ती. निघणार नाही."

दुपारी परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. अन्नपूर्णा खिडकीशी डुलक्या देत होती, प्रसेनजित ड्रायव्हरशी बोलायला पुढं गेला होता. खोका पुन्हा शालूबाईंच्या मांडीवर. त्यांनी झाकण किलकिलं करून आत पाहिलं.

"महामाया, त्या यानात माणसं किती होती म्हणतं?"

"सात."

"अन् सैपाक कोण करे?"

महामाया विचारात पडली. सगळे भाग तिनं किती वेळा बघितले होते. "दाखवलंच नाही, आई."

"तेच म्हटलं मी," शालूबाई म्हणाल्या. "पुरणयंत्र बाहेरून पोटाले ठोकलं, सोऱ्या शेपटीले. आत बिचारे उपाशी असतीन."

महामाया इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. अन्नपूर्णा दचकून जागी झाली आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागली. शालूबाईंनी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि बुलढाणा येईपर्यंत ते संपलं नाही.